पिस्तुल कॅलिबरच्या रायफलने हरणाची शिकार: घरी भरलेलं काडतूस कसं निवडायचं

अमेरिकेच्या ओहायो राज्यात २०१४ पासून हरणाच्या गन सीझनला स्ट्रेट-वॉल काडतुसाची रायफल चालते. त्याआधी शॉटगनची स्लग (एकच जड गोळी) किंवा मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) घेऊन जावं लागायचं, कारण इकडचा मुलूख सपाट, शेतं आणि घरं लागून, आणि मान आवळलेल्या नेहमीच्या रायफल काडतुसाची गोळी चुकली तर फार लांब जाते. स्ट्रेट-वॉल म्हणजे ज्याची केस (पितळी कवच) तळापासून तोंडापर्यंत सरळ असते ते काडतूस, आणि त्यात ३५७ मॅग्नम, ४४ मॅग्नम, ४५ कोल्ट ही मूळची रिव्हॉल्व्हरची काडतुसं आपोआप बसतात, त्यामुळे हेन्री, मार्लिन १८९४, रॉसी ९२ असल्या हलक्या लिव्हर अॅक्शन रायफली (चापाजवळचा दांडा खालीवर करून काडतूस चढवायच्या) इथे पहिल्यांदा शिकारीला जाणाऱ्याच्या हातात हमखास दिसतात. आपली मराठी मंडळीही आता यात उतरतायत, बहुतेक जण ऑफिसमधल्या कोणाच्या तरी शेतावर पहिल्यांदा जातात आणि मग स्वतःची रायफल घेतात.

रायफल घेतली की पुढचा प्रश्न काडतुसाचा, आणि दुकानातला वीसचा डबा महाग वाटला की कोणीतरी सांगतं घरी भर. भरा की, चांगलीच गोष्ट आहे. फक्त सुरुवात पावडरपासून (बंदुकीच्या दारूपासून) करू नका, गोळीपासून करा. हे काडतूस रिव्हॉल्व्हरसाठी बनलंय आणि त्याच्या बहुतेक गोळ्या रिव्हॉल्व्हरच्या वेगाला उघडतील, म्हणजे लागल्यावर तोंड पसरेल, अशा बनवलेल्या असतात. ४४ मॅग्नमची २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी रिव्हॉल्व्हरमधून साधारण सेकंदाला १३०० फुटांच्या आसपास निघते, तीच १८-२० इंची नळीतून १७०० ते १७५० ने निघते. हा जो चारशे-साडेचारशे फुटांचा फरक आहे ना, सगळी निवड त्याच्याभोवती फिरते.

आधी कायदा, मग बाकीचं

तुम्ही एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. फेडरल कायद्याने अशा व्यक्तीला बंदूकही बाळगता येत नाही आणि अॅम्युनिशनही नाही, काही अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू, मुदत न संपलेलं हंटिंग लायसन्स. आणि अॅम्युनिशन म्हणजे फक्त तयार काडतूस नाही, कायद्याच्या व्याख्येत केस, प्रायमर (तळाची ठिणगी देणारी टोपी), गोळी आणि पावडर सगळं येतं, म्हणजे लायसन्स संपलं आणि कपाटात प्रायमरचा डबा पडून राहिला तर तो सुद्धा प्रश्नच. लायसन्सची तारीख कॅलेंडरवर लावून ठेवा आणि शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मित्राला नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, तेव्हा यातलं काही तिकडे करायचा विचारही नको.

मग राज्याचा नियम. ओहायोत गोळीचा व्यास किमान ०.३५७ आणि कमाल ०.५० इंच लागतो, म्हणजे ९ एमएम कार्बाइन (आखूड रायफल) बाद, कारण तिची गोळी ०.३५५ ची. मिशिगनच्या दक्षिण भागात केसची लांबीही मोजतात, किमान १.१६ आणि कमाल १.८० इंच. गंमत बघा, ४४ स्पेशलची केस बरोबर १.१६ ची, ती बसते, आणि ३८ स्पेशलची १.१५५, ती पाच हजारांश इंचाने बाहेर. म्हणजे ३५७ च्या रायफलीत ३८ स्पेशलची केस भरून नेली तर रायफल कायदेशीर पण काडतूस बेकायदेशीर. दर वर्षीची नियमपुस्तिका नवीन डाउनलोड करायची, नियम बदलतात. हंटर एज्युकेशनचा कोर्स, ओहायोत खाजगी जमिनीवर जायला मालकाची लेखी परवानगी, गन सीझनमध्ये भगवा-नारिंगी हंटर ऑरेंज जॅकेट, रायफलीत एका वेळी जास्तीत जास्त तीन काडतुसं, हे सगळं त्यातच आहे.

कोणाची भरलेली काडतुसं?

तुमची स्वतःची. बस. रेंजवर भेटलेला माणूस कितीही अनुभवी आणि मनाने कितीही चांगला असो, त्याने प्लास्टिकच्या पिशवीत दिलेली काडतुसं आपल्या रायफलीत घालायची नाहीत. त्याने ती त्याच्या बंदुकीसाठी भरलेली असतात, डब्यावर लिहिलेलं असलं तरी आत काय आणि किती आहे ते बाहेरून कळत नाही. विकत घ्यायची तर धंदा म्हणून काडतूस बनवून विकायला फेडरल लायसन्स लागतं, ते असलेल्याकडूनच. आणि बऱ्याच कंपन्या हँडलोड (घरी भरलेलं काडतूस) वापरल्याने बंदूक बिघडली तर वॉरंटी देत नाहीत, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, वाचून ठेवा. स्वतः भरायला शिकायचं असेल तर मात्र त्याच अनुभवी माणसाच्या टेबलाशेजारी एक संध्याकाळ बसा, त्याचा खरा उपयोग तिथे होतो.

तुमची रायफल काय खाते ते बघा

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, नळीतला पीळ, म्हणजे ट्विस्ट. जुन्या मार्लिन १८९४ मध्ये ४४ ला ३८ इंचाला एक फेरा असा सैल पीळ आहे, रुगरच्या ७७/४४ मध्ये २० इंचाला एक. सैल पीळ २४० ग्रेनची गोळी छान फिरवतो, पण ३०० ग्रेनची लांब गोळी, त्यातही थोड्या कमी वेगाची, स्थिर होईलच असं नाही. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक दिसलं तर गोळी आडवी होतेय, ती गोळी सोडून द्या, पावडर बदलत बसू नका.

दुसरी गोष्ट मॅगझीन. लिव्हर अॅक्शनमध्ये नळीखाली दुसरी नळी असते आणि काडतुसं एकामागे एक, एकाचं टोक दुसऱ्याच्या प्रायमरला टेकलेलं. म्हणून टोकदार टणक गोळी अजिबात नाही, चपट्या तोंडाचीच घ्यायची, किंवा हॉर्नाडी कंपनीची मऊ रबरी टोकाची एफटीएक्स, जी याच कामासाठी बनवलीये, पण तिला केस थोडी आखूड कापावी लागते आणि तिचा डेटा (किती पावडर घालायची ते आकडे) वेगळा असतो, नवख्याने पहिल्या वर्षी त्यात पडू नये असं माझं मत. आणि काडतुसाची एकूण लांबी: ४४ मॅग्नमला कमाल १.६१० इंच, ३५७ ला १.५९०. रिव्हॉल्व्हरवाले कधी कधी गोळी यापेक्षा बाहेर ठेवतात, सिलिंडरमध्ये ते चालून जातं, लिव्हरमध्ये ते काडतूस वर चढतानाच अडकतं आणि समोर हरीण उभं असताना रायफल उघडून बसावं लागतं.

तिसरी गोष्ट ४५ कोल्टवाल्यांसाठी आणि ती फार महत्त्वाची. ४४ मॅग्नमचा ठरलेला कमाल दाब ३६,००० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), ३५७ चा ३५,०००, आणि ४५ कोल्टचा फक्त १४,०००. पुस्तकात ४५ कोल्टसाठी मजबूत बंदुकांचा म्हणून वेगळा विभाग असतो, बरेच जास्त दाबाचा. तो विभाग १८७३ च्या नमुन्याच्या रायफलींसाठी नाही, त्यांचं टॉगलचं (सांध्यासारखं दुमडणारं) लॉक त्या दाबाचं नाहीच. काडतूस बाहेरून तेच दिसतं, सहज चेंबरमध्ये जातं, म्हणून धोका.

आता गोळी

इथे वेळ घालवा. ओहायो-मिशिगनच्या जंगलात हरीण २० यार्डांवरही येतं आणि शेताच्या कडेला १०० वरही. ४४ ची २४० ग्रेनची गोळी १७५० ने निघाली तर २० यार्डांवर ती १६५० च्या पुढे असते, १०० वर १३५० च्या आसपास. एकाच गोळीने या दोन्ही वेगांना नीट वागायला हवं: जवळून मारली तर खांद्याच्या हाडावर फुटून थांबू नये, लांबून मारली तर न उघडता सुईसारखी आरपार जाऊ नये.

फुटलेल्या गोळीचं काम कसं दिसतं ते कातडी काढताना कळतं. आत जायच्या भोकाभोवती तळहाताएवढा मांसाचा लाल-काळा चिकट लगदा, त्यात जॅकेटचे (गोळीवरच्या धातूच्या आवरणाचे) पत्र्यासारखे तुकडे, आणि फुप्फुसापर्यंत पोचलेलं मात्र थोडंच. असं हरीण जखमी होऊन लांब जातं, बाहेर पडायचं भोक नसल्यामुळे जमिनीवर रक्त पडत नाही आणि सापडत नाही. हे टाळणं हीच आपली जबाबदारी, बाकी सगळं त्याच्या मागून.

म्हणून हलकी गोळी नको. ३५७ मध्ये ११०-१२५ ग्रेन आणि ४४ मध्ये १८० ग्रेनच्या होलो पॉइंट (पोकळ टोकाच्या गोळ्या) रायफलीतून फार वेगात जातात आणि आकडे बघून भुरळ पडते, पण त्या हरणासाठी नाहीतच. ३५७ ला १५८ किंवा १८० ग्रेन, ४४ ला २४०, ४५ कोल्टला २५० च्या आसपास, इथून सुरुवात करा. हॉर्नाडीची १५८ ग्रेनची एक्सटीपी दोन प्रकारात येते, होलो पॉइंट आणि फ्लॅट पॉइंट. रायफलीच्या वेगाला फ्लॅट पॉइंट जास्त टिकते, डब्यावरचं नाव नीट वाचून घ्या. ४४ मध्ये २४० ची एक्सटीपी मी कोणालाही पहिली गोळी म्हणून सांगेन, मिळते सहज, डेटा सगळीकडे आहे, आणि पीळ कसाही असो चालते.

उलटी चूकही होते. ४४४ मार्लिनसाठी बनवलेली २६५ ग्रेनची गोळी त्याच व्यासाची असल्याने ४४ मॅग्नममध्ये भरता येते, ती कडक आहे म्हणून बरी वाटते, पण ती मोठ्या काडतुसाच्या वेगासाठी बनलीये, ४४ च्या वेगात लांबवर ती कमी उघडते. कडक म्हणजे चांगली असं नाही, आपल्या वेगाला जुळणारी हवी.

तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या स्वस्त प्लेटेड गोळ्या फक्त सरावाला, त्यांच्या कंपन्याच कमाल वेग सांगतात आणि तो रायफलीच्या पूर्ण लोडच्या, म्हणजे पूर्ण जोराच्या काडतुसाच्या, वेगापेक्षा कमी असतो. शिशाची ओतीव हार्डकास्ट गोळी, रुंद चपट्या तोंडाची, ही जुनी आणि भरवशाची गोष्ट आहे, ती फार उघडत नाही पण रुंद तोंडाने सरळ भोक पाडत आरपार जाते आणि मांस कमी खराब होतं. तिच्यात मेख मापाची आहे: रायफलीच्या खाचांचा व्यास बऱ्याचदा ०.४३१ इंच निघतो आणि रिव्हॉल्व्हरसाठीची ०.४२९ ची शिशाची गोळी त्यात सैल पडते, नेम विस्कटतो, नळीत शिसं चिकटतं. नळीतून मऊ शिशाचा तुकडा ढकलून माप घ्या आणि गोळी त्याहून एक हजारांश इंच मोठी मागवा, पूर्ण वेगाला गॅस चेक (तळाला धातूची टोपी) लावलेली.

शिशाचे कण मांसात नकोत असं वाटत असेल, घरात लहान मुलं ते मटण खाणार असतील, तर संपूर्ण तांब्याची गोळी घ्या, बार्न्सची एक्सपीबी वगैरे. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. तांबं हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाला गोळी लांब होते आणि केसमधली जागा खाते, म्हणून तांब्याच्या गोळीला शिशाच्या गोळीचा पावडर डेटा लावायचा नाही, कधीच नाही.

पावडर आणि वेग

मी इथे एकही चार्ज (पावडरचं वजन) लिहिणार नाही, आणि तुम्हीही इंटरनेटवर कोणी लिहिलेला घेऊ नका. हॉर्नाडी, लायमन, स्पीयर यांची पुस्तकं आणि पावडरवाल्या हॉजडन कंपनीचा डेटा, एवढंच. लायमन आणि हॉर्नाडीच्या पुस्तकात ४४ मॅग्नम रायफल विभागात वेगळं दिलंय, तेच पान उघडा, म्हणजे वेग तुमच्या नळीच्या जवळपासचा दिसेल. गोळी तीच, वजन तेच, कंपनी तीच असली पाहिजे.

४४ आणि ३५७ च्या पूर्ण लोडला एच ११० फार वापरतात, विंचेस्टर २९६ ही तीच पावडर आहे, डबा वेगळा. ती केस जवळजवळ भरते, म्हणून चुकून दुप्पट पडली तर ओसंडून बाहेर येते आणि लगेच दिसते, हा तिचा मोठा गुण. पण तिला मॅग्नम (जास्त जोराचा) प्रायमर आणि घट्ट क्रिम्प (केसची कड गोळीवर वळवून आवळणं) लागतो आणि ती कमी करून चालत नाही, हॉजडन सांगतं की छापलेल्या चार्जपेक्षा तीन टक्क्यांहून जास्त खाली जाऊ नका. खाली गेलात तर पेट अर्धवट होतो, गोळी नळीत अडकू शकते आणि त्यामागे दुसरी मारली तर नळी फाटते. ज्याला हळूहळू चढत जायचंय त्याला अलायंट २४०० जास्त समजूतदार, पुस्तकातल्या सुरुवातीच्या चार्जपासून वर जाता येतं. टाइटग्रुपसारख्या जलद पावडरी हलक्या सरावाच्या लोडला असतात, त्यांचा चार्ज एवढासा की दोनदा पडला तरी केसमध्ये मावतो आणि दिसत नाही. शिकारीचं काडतूस भरताना असली पावडर टेबलावरच नको. टेबलावर एका वेळी एकच डबा, हा नियम कधीच मोडायचा नाही.

कमाल वेगाच्या मागे धावू नका. १७५० ऐवजी १६५० ने गेलेली गोळी हरणाला काही कमी लागत नाही आणि बऱ्याच रायफली तिथेच चांगला ग्रुप देतात (गोळ्या जवळजवळ लागतात), शिवाय गोळी जवळून फुटायची शक्यता कमी.

टेबलावर

साधा सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणारा) प्रेस घ्या. कार्बाइड डाय (केसला परत मापात आणणारा साचा) घ्या म्हणजे सरळ केसला तेल लावायची गरज नाही. केस एकाच कंपनीच्या, लांबी सारखी कापलेली, ४४ मॅग्नमला १.२७५ इंच, कारण लांबी कमीजास्त असेल तर क्रिम्प कमीजास्त होतो आणि आपलं अर्धं काम क्रिम्पवर आहे. पन्नास केसमध्ये पावडर टाकून झाली की केस ठेवायचा ब्लॉक टॉर्चखाली धरून प्रत्येक केसमध्ये वरून बघा, पातळी सारखी दिसली पाहिजे, मगच गोळी बसवा. गोळी बसवणं आणि क्रिम्प करणं या दोन वेगळ्या फेऱ्या ठेवा.

क्रिम्प नीट आहे का हे असं तपासतात. केसची कड गोळीवरच्या खाचेत सगळीकडून वळलेली दिसली पाहिजे, नखाला कड लागू नये आणि केसला खाली फुगवटा नको. मग काडतूस टेबलाच्या कडेला टेकवून अंगठ्याने गोळी जोरात आत दाबा, हलता कामा नये. यानंतर खरी परीक्षा रेंजवर: एका काडतुसाची लांबी कॅलिपरने मोजून त्याच्यावर मार्करने खूण करा, ते मॅगझीनमध्ये सगळ्यात आधी घाला म्हणजे ते शेवटी राहील, बाकीची उडवा, आणि मग ते काढून परत मोजा. मॅगझीनची स्प्रिंग आणि प्रत्येक बाराचा झटका गोळी आत ढकलत असतो. लांबी कमी झाली असेल तर गोळी आत गेली, आत गेली म्हणजे जागा कमी आणि दाब जास्त, त्या बॅचचा क्रिम्प पुरेसा नाही.

डब्यावर तारीख, केस, प्रायमर, पावडर, चार्ज, गोळी, लांबी लिहा, आणि वहीतही. नुसत्या डब्यावर लिहिलं की डबा बदलतो.

रेंजवर

पंचवीस यार्डांपासून सुरुवात, मग पन्नास, मग शंभर. प्रायमर चपटा झालाय का, केस काढताना लिव्हर जड जातेय का, हे प्रत्येक बाराला बघा, जड गेली तर तिथेच थांबा आणि ती बॅच घरी नेऊन गोळी काढायच्या हातोडीने मोकळी करा. बार हलका वाजला, झटका कमी आला, तर पुढचा बार नाही, रायफल रिकामी करून नळीतून उजेड दिसतो का ते बघायचं.

२४० ग्रेन १७५० ला, १०० यार्डांवर झीरो केलं (नेम तिथे बरोबर जुळवला) तर ५० वर साधारण इंचभर वर लागते, १५० वर सहा-सात इंच खाली आणि २०० वर जवळपास दीड फूट खाली. व्हाइटटेल हरणाचं हृदय-फुप्फुस साधारण आठ इंचाच्या वर्तुळात येतं. आता गणित तुम्हीच करा, १५० वर अंदाज थोडा चुकला की गोळी पोटात किंवा पायात. मी नवख्याला १०० यार्ड हीच हद्द सांगतो, ३५७ असेल तर ७५. आठ इंची कागदी प्लेट लावा आणि बेंचवरून नाही, बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारा. ज्या अंतरावर पाचच्या पाच प्लेटमध्ये जातात ते तुमचं अंतर, रायफलीचं कितीही असो.

सीझनच्या आधी त्याच बॅचची वीस-पंचवीस काडतुसं बाजूला काढा, प्रत्येक काडतूस रायफलीतून बार न काढता एकदा फिरवून बघा, अर्थात रेंजवर, नळी सुरक्षित दिशेला धरून, बोट चापापासून लांब. अडकणारं काडतूस सरावाच्या डब्यात टाका. आणि थंडीत एकदा झीरो तपासा, सप्टेंबरच्या उन्हात घेतलेला झीरो डिसेंबरच्या सकाळी थोडा हललेला असू शकतो.

जंगलात आणि नंतर

हरीण आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या अगदी मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. समोरून किंवा पाठमोरं असेल तर थांबा, या काडतुसाला तेवढी खोली नेहमी जमेलच असं नाही. मागे काय आहे ते बघितल्याशिवाय चापावर बोट नाही, ४४ ची गोळी हरणाच्या आरपार जाऊन पुढे बरीच लांब जाते. बार झाला की हरीण कुठे उभं होतं आणि कुठे गेलं ती जागा डोळ्यात ठेवा, लगेच दुसरं काडतूस चढवा, आणि ते पडलेलं दिसत नसेल तर अर्धा तास बसून राहा. लगेच मागे गेलात तर जखमी जनावर उठून लांब पळतं.

कापताना गोळीचा रस्ता नीट बघा, आत जायचं भोक, बाहेरचं भोक, बरगडी लागली का खांदा, मांस किती गेलं, गोळी आत सापडली तर तिचं वजन करा. २४० ची गोळी २०० च्या वर उरली असेल आणि तोंड मशरूमसारखं पसरलं असेल तर हाच लोड पुढच्या वर्षी, काही बदलू नका. तुकडे होऊन आतच राहिली असेल तर वहीत अंतर आणि वेग लिहा, आणि पुढच्या उन्हाळ्यात वेग शंभर फुटांनी कमी करून बघा, नाहीतर त्याच वजनाची जाड जॅकेटची गोळी घेऊन पहिल्या पायरीपासून परत सुरुवात करा.